मुका पाइप

म्यूटकाकांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका ऐकण्यात गेली. हे अलंकारिक बोलणं नव्हे, त्यांना पगारच त्याचा मिळत असे. नभोवाणी केंद्रातल्या एका काचेच्या खोलीत बसायचं, जे प्रसारित होतंय ते कानाला यंत्र लावून ऐकायचं, आणि कुठे खरखर झाली, कुठे निवेदक खाकरला, कुठे गाणं सुरू व्हायच्या आत कुणाची खुर्ची करकरली ते वर कळवायचं. एवढंच काम. मोठमोठे गवय्ये त्यांच्या कानांवरून गेले, पण काकांना त्यांतलं एक गाणं आठवेल तर शपथ. अमुक गवय्याने तमुक जागी घेतलेला श्वास मात्र आठवतो, आणि तो त्याने घ्यायला नको होता असं त्यांचं मत आजही कायम आहे.

असा माणूस निवृत्त झाला की त्याचा कान त्याच्याबरोबर घरी येतो आणि पूर्णवेळ घरीच राहतो. काकांच्या कानाने पहिल्याच वर्षी इमारतीला सळो की पळो करून सोडलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या काठीला रबरी टोपी बसली. लिफ्टच्या दाराला तेल मिळालं आणि ते कमी पडलं म्हणून पुन्हा मिळालं. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरला काकांनी जिन्यात गाठून, दाढ कोरण्याचं काम थोडं हळू आवाजात होत नाही का, असं विचारलं. डॉक्टरने थंडपणे सांगितलं की आपलं यंत्र हळूच असतं, पेशंट मोठ्याने असतात. पोरांनी टीव्हीच्या रिमोटवरचं बटण आठवून काकांना म्यूटकाका हे नाव दिलं. काकांना ते कळलं तेव्हा त्यांना ती पदवी वाटली.

काकांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे शिवणताई. शिवणताई शेजारच्या घरात राहत आणि शाळेचे गणवेश शिवत. त्यांची शिवणखोली आणि काकांची मागची खोली यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीतून मशिनची टकटक काकांपर्यंत यायची. यायची म्हणजे काका भिंतीला कान लावत तेव्हा यायची, पण त्यांना असल्या तपशिलात शिरायचं कारण वाटलं नाही. इमारतीच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला, की दिवेलागणीनंतर कुणीही यंत्र चालवू नये. 'यंत्र' हा शब्द मुद्दाम मोघम ठेवला होता, म्हणजे कुणाचं नाव घेतल्यासारखं होत नाही. बाकीच्यांनी जेवायची वेळ झाली म्हणून हात वर केले. शिवणताईंनी मिठाची गुळणी धरली. त्या दिवसापासून संध्याकाळी भिंत गप्प झाली आणि काकांना आपण समाजासाठी काहीतरी केलं अशी झोप लागू लागली.

इथे काकांच्या बायकोविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. त्यांना सगळे बाई म्हणत. बाई बालवर्गाच्या शिक्षिका. एवढीएवढी पोरं, त्यांची टाळ्यांची गाणी, उड्यांची गाणी, बेडकाचं गाणं, आगगाडीचं गाणं. ह्या कलकलाटात त्यांनी सगळी उमर काढली आणि घरी येऊन काकांच्या शांततेत स्वयंपाक केला. आता वर्षअखेरीला, शाळा सुटली की, त्याही निवृत्त होणार होत्या. एका संध्याकाळी चहाचा कप हळूच, म्हणजे काकांना चालेल इतका हळू, बशीत ठेवत त्यांनी सांगितलं की निवृत्तीनंतर आपण मागच्या खोलीत इमारतीतल्या छोट्यांचा गाण्यांचा वर्ग घेणार. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून खोली रिकामीच आहे.

काकांनी चहा प्यायला नाही. बेडकाचं गाणं, घरात, रोज. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की खोली रिकामी आहे हाच मूळ दोष आहे, आणि तो काढून टाकला की गाणं आपोआप पडेल.

पण खोलीत भरायचं काय? भाडेकरू ठेवावा तर तो खोकणार. पुस्तकं भरावीत तर ती वाचायला कुणीतरी येणार आणि पानं उलटणार. कुत्रा, मांजर, पोपट ह्यांचा विचारही काकांनी केला नाही. शेवटी त्यांना मशरूम सापडलं. अंधाऱ्या खोलीत, भुशाच्या पिशव्यांत, आपलं आपण उगवणारं. ते भुंकत नाही, खोकत नाही, गात नाही. निसर्गाने ही एक गोष्ट तरी आपला विचार करून केली आहे, असं काकांना वाटलं. त्यांनी एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं आणि त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं. खिळा ठोकताना आवाज होतो म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावलं. ते दर चार दिवसांनी पडत असे.

बाईंनी हे सगळं पाहिलं आणि भांडण केलं नाही. पोरांशी जसं बोलायचं तशा त्या बोलल्या.

"बरं. शाळा सुटेपर्यंत मला एक ताटभर मशरूम काढून दाखवा. चांगली, डोकं असलेली. निघाली तर खोली तुमची, मी पुन्हा विचारणार नाही. नाही निघाली तर माझी, आणि तुम्ही नाक मुरडायचं नाही."

काकांनी हे लगेच मान्य केलं. आळशी माणसाला जमतं असं पीक आहे हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि काका त्या बाबतीत स्वतःला पात्र समजत.

प्रशिक्षणात आणखीही एक सांगितलं होतं. मशरूम माणसासारखा श्वास सोडतं. तो कोंडलेला श्वास बाहेर काढला नाही, ताजी हवा आत आली नाही, तर पीक बिघडतं, म्हणून खोलीला पंखा आणि हवा बाहेर नेणारा पाइप हवाच. हे सांगत असताना काकांचं लक्ष प्रशिक्षकाच्या माइककडे होतं. तो प्रत्येक 'प'ला फुटत होता.

तरी पंखा त्यांनी आणला. मागच्या खिडकीत बसवला, बटण दाबलं, आणि घरात घुंऽऽ असा एक आवाज शिरला. फार मोठा नव्हता. साधारण माणूस त्याला पंखा चालू आहे असं म्हणून सोडून देतो. पण काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे ही खिडकी शिवणताईंच्या खिडकीला लागूनच होती, आणि पंखा दिवेलागणीनंतरही चालणार होता. ठराव काकांचा, 'यंत्र' शब्द काकांचा, आणि आता यंत्रही काकांचंच.

ते शिवणताईंच्या तक्रारीची वाट बघू लागले. तक्रार येईना. जिन्यात ताई भेटत तेव्हा हसत, आणि पूर्वीपेक्षा जास्त हसत. काकांनी त्यातून एकच अर्थ काढला, की ताई सगळं मनात साठवून ठेवते आहे आणि पुढच्या बैठकीत आपली सालटी काढणार आहे. झोप उडाली. ह्यावर उपाय एकच. आवाज न करणारा पाइप.

पत्र्याचे आणि पाइपांचे दुकानदार शहरातल्या ज्या रस्त्यावर बसत, तो शहरातला सगळ्यात कर्कश रस्ता होता. एका बाजूला पत्रा कापत, दुसऱ्या बाजूला ठोकत, आणि मध्ये उभी राहिलेली माणसं एकमेकांच्या कानात ओरडून भाव करत. काका कापसाचे बोळे कानात घालून शांतता विकत घ्यायला तिथे गेले. पाइपवाला आवाजात जन्मलेला माणूस होता. 'या' सुद्धा तो आग लागल्यासारखा म्हणायचा. त्याने एसीसाठी हवं का, एवढंच विचारलं. काकांनी मशरूमसाठी असं सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि तोच एसीचा माल पुढे केला.

काकांची पाइप निवडायची पद्धत त्यांची स्वतःची होती. पाइपचं एक तोंड ते कानाला लावत आणि दुसऱ्या तोंडाशी पाइपवाल्याला चुटकी वाजवायला सांगत. पाइपवाला आधी बघतच राहिला. पण गिऱ्हाइकाशी वाद घालून पाइप खपत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे तो निमूटपणे चुटक्या वाजवत राहिला. शेजारच्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. त्या रस्त्यावर तेवढीच काय ती शांतता झाली, आणि कानात कापूस असल्याने ती काकांना कळली नाही. कापूस असूनही चुटकी कशी ऐकू येत होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पत्र्याचा गुळगुळीत पाइप पहिल्याच चुटकीला बाद झाला, बादलीत पैसा पडल्यासारखा वाजतो म्हणून. चंदेरी कागदाचा लवचीक पाइप वेफरच्या पुडीसारखा कुरकुरतो म्हणून गेला. प्लास्टिकचा पाइप घसा बसलेल्या वक्त्यासारखा घुमतो, असा शेरा मिळून परत गेला. मग पाइपवाल्याने आतून दुलई काढली. म्हणजे पाइपच, पण आत बारीक भोकांचं अस्तर, त्याभोवती काचेच्या कापसाचा जाड थर आणि वर चकचकीत खोळ. काकांनी कान लावला. पाइपवाल्याने चुटकी वाजवली, मग टाळी वाजवली, मग न सांगता एक शिटीही घातली. काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. काहीही आलं नव्हतं.

दुलईच्या पाइपमध्ये दोन मापं होती, रुंद आणि अरुंद. इथे काकांनी अरुंद घेतला. त्यांचा तर्क असा, की तोंड जेवढं लहान तेवढा आवाज लहान. बालवर्गाच्या शिक्षिकेशी जन्मभर संसार केलेल्या माणसाने लहान तोंडांविषयी असा निष्कर्ष काढावा, यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही. वास्तविक रुंद पाइपमधून हवा सावकाश जाते आणि सावकाश जाणारी हवा कमी बोलते, हे पंख्याच्या खोक्यावर चित्रासकट छापलं होतं. खोका काकांनी उघडताना फाडला होता. पाइपवाल्याला विचारलं असता त्याने दोन्ही सायलेंट आहेत असं सांगितलं. "सगळंच सायलेंट आहे, साहेब," तो ओरडला.

पाइप घरी आला आणि काकांमधला नभोवाणीतला माणूस जागा झाला. मागच्या खिडकीतून हवा काढायची नाही, ती शिवणताईंच्या नाकासमोर जाते, हे त्यांनी ठरवलंच होतं. मग पंखा खिडकीतून निघून पाइपच्या तोंडाला बसला, आणि पाइप मागच्या खोलीतून निघाला, बोळातून वळला, स्वयंपाकघराच्या दारावरून चढला, दिवाणखान्यात उतरला, कपाटाला वळसा घालून पुन्हा चढला आणि घराच्या पार दुसऱ्या टोकाला, पुढच्या गॅलरीत, काकांच्या वेताच्या खुर्चीच्या डोक्यावर बाहेर आला. अजगराने घर गिळायला घ्यावं आणि मध्येच कंटाळा यावा तसं ते दिसत होतं. बाईंनी एवढंच विचारलं की तो सरळ का नेला नाही. काकांनी त्यांना समजावलं की आवाज सरळ रस्त्याने धावतो आणि वळणावर दमतो, स्टुडिओच्या पाइपांना म्हणूनच वळणं असतात. हे त्यांना केंद्रातल्या अभियंत्याने एकदा सांगितलं होतं. वळणावर हवाही दमते, म्हणून पाइप मग चांगलाच मोठा ठेवावा लागतो, हे त्याच अभियंत्याने पुढच्याच वाक्यात सांगितलं होतं. पण तेव्हा तो हातातल्या पेनाचं बटण टकटक करत होता, आणि काका ते ऐकत होते.

शेवटची कमाल अशी की जुना स्टुडिओ मोडला तेव्हा काकांनी भिंतींवरचं आवाज शोषणारं जाड नमद्याचं कापड आठवण म्हणून घरी आणलं होतं. ते त्यांनी पट्ट्या कापून पाइपच्या प्रत्येक वळणात आतून बसवलं. उरलेलं खोलीच्या दाराला लावलं. मग पंखा सुरू केला, गॅलरीत आले, पाइपच्या तोंडाशी कान नेला, आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी बाईंना हाक मारली.

"ऐक," काका म्हणाले.

बाईंनी ऐकलं. "काय ऐकू?"

"तेच."

आयुष्यात पहिल्यांदा काकांना एका गोष्टीत दोष सापडला नाही. ते त्या मुक्या पाइपखाली रोज बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून, ऐका, काही ऐकू येतंय का, असं विचारू लागले. लोक नाही म्हणत आणि काका प्रशंसा स्वीकारत. ह्या पाइपचं काम हवा वाहून नेण्याचं आहे, आणि आपण तपासतो आहोत ती भलतीच गोष्ट, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जन्मभर कानाने जग तपासलेल्या माणसाला हात पुढे करून वारा लागतो का हे बघायचं सुचत नाही.

दरम्यान पिशव्यांना कोंब फुटले. काका हरखले. दुसऱ्या दिवशी कोंब वाढले, तिसऱ्या दिवशी आणखी वाढले, आणि मग ते थांबेचनात. शिंपल्यासारखं पसरायचं सोडून ते नुसते वर चालले. पांढऱ्या, बारीक, वाकड्या माना, आणि टोकाला काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं डोकं. खोलीत शिरलं की गर्दीत मागे उभी राहिलेली माणसं टाचा उंचावून काहीतरी बघताहेत असं वाटे. ती बिचारी हवा शोधत होती. काकांनी ती वेगळी जात आहे असं जाहीर केलं. निमुळती, म्हणे. परदेशात मागणी असते.

ह्याच सुमारास शिवणताई दारात आल्या. काकांनी मनाची तयारी केली. आता पंखा, ठराव, यंत्र सगळं निघणार. पण पंखा तर मुका झाला होता. त्यांनी पाय रोवून दार उघडलं.

"काका, तुमचा पंखा बिघडला का हो?" ताईंनी काळजीने विचारलं.

काकांनी छाती काढून सांगितलं की बिघडलेला नाही, चालू आहे, फक्त आता ऐकू येत नाही. ताईंचा चेहरा पडला. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते काकांनी जन्मात ऐकलं नव्हतं, अगदी शब्दशः. पंखा घुमत होता तेव्हा ताई रोज दिवेलागणीनंतर मशिन चालवत होत्या. त्या घुंऽऽच्या आड टकटक दडून जायची. गणवेशाचं तुंबलेलं काम त्यांनी त्या दिवसांत उरकलं होतं, आणि काकांना मनोमन दुवा दिला होता. पंखा गप्प झाल्यापासून मशिन पुन्हा बंद आणि कापड पुन्हा ढिगाला.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच लावलाय," ताई म्हणाल्या. "ठराव मागे घ्यायला लाज वाटत असेल म्हणून."

काकांनी मान खाली घातली. ताई समजल्या ते शरमेने. शरम वगैरे काही नव्हतं. काकांना एकच गोष्ट खात होती, की भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी मशिन चालत होतं आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही. त्या गवय्याचा श्वास पकडणारा हा कान. एका शिवणमशिनने एका साध्या पंख्याच्या आडून त्याला रोज गंडवलं. ताई गेल्यावर ते आत वळले तर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या मजल्याला माहीत होतं," बाई म्हणाल्या, आणि आपल्या पिशवीतून एक भिरभिरं काढून गॅलरीत गेल्या.

ते बालवर्गातलं कागदी भिरभिरं होतं, टाचणी लावून काडीवर खोचलेलं. पोराने नुसतं तोंड उघडलं तरी फिरणारं. बाईंनी ते मुक्या पाइपच्या तोंडाशी धरलं. भिरभिरं ढिम्म हललं नाही. बाई हात वर करून उभ्या राहिल्या. शेवटी काकांनीच पुढे होऊन भिरभिऱ्याची टाचणी तपासली. घट्ट बसली असेल, ते म्हणाले. बाईंनी फुंकर मारली. भिरभिरं गरगरलं.

"तुमच्या पाइपातून आवाज येत नाही, कारण त्यातून काहीच येत नाही," बाईंनी सांगितलं. "शाळा सुटायला अजून अवकाश आहे. पिशव्यांना आणखी एकदा कोंब फुटतात ना? बघा काय करता ते."

बाईंचा हा मोठेपणा म्हणायचा, की त्यांना निकाल आधीच दिसत होता, हे सांगता येत नाही. बालवर्गाच्या शिक्षिका पोराला पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगतात तेव्हा दोन्ही असतं.

खरं तर उपाय सोपा होता. पंखा पुन्हा मागच्या खिडकीत लावायचा, हवा सरळ बाहेर. मग मशरूम डोकी काढतील, ताई मशिन चालवतील, खोली काकांची राहील. फक्त घर घुमेल, आणि त्या घुमण्याच्या आड मशिन चालू आहे हे काकांना माहीत असेल. एवढंच सोसायचं होतं. दुसऱ्या पारड्यात बेडकाचं गाणं होतं. काकांनी दोन दिवस विचार केला आणि दोन्ही टळेल असा एक तिसरा मार्ग काढला. असे मार्ग काढणाऱ्यांना दोन्ही सोसावं लागतं, हा भाग त्यांच्या विचारात आला नाही.

नमदा आणि दुलई उपटून त्यांनी पाइपवाल्याकडून तोच बादलीसारखा वाजणारा गुळगुळीत पत्र्याचा पाइप आणला. आता रुंद घेतला आणि बोळातून दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत शक्य तितका सरळ नेला. मागच्या खिडकीतून नाही म्हणजे नाही, कारण ताईंना आयता आडोसा द्यायचा नव्हता. पंखा सुरू झाला. भिरभिरं वेड्यासारखं फिरलं. आणि मशरूमच्या खोलीतली सगळी कोंदट, कुबट हवा घुंऽऽ करत थेट काकांच्या टाळूवर येऊन पडू लागली, कारण खुर्ची त्यांनी हलवली नव्हती. खुर्चीची जागा ठरलेली होती.

मग त्यांनी असं सुरू केलं, की आपण गॅलरीत बसू तेवढा वेळ पंखा बंद ठेवायचा. काका गॅलरीत दिवसभर बसत. जेवायला उठत तेवढ्यात मशरूमला श्वास मिळायचा.

शाळा सुटली. बाई निरोपाचा गुच्छ घेऊन घरी आल्या, पदराला हात पुसले आणि ताट मागितलं. काकांनी ताट आणलं. मधोमध काही खरोखरच चांगली होती, शिंपल्यासारखी पसरलेली, जेवणाच्या वेळांत वाढलेली. त्यांच्याभोवती कडेकडेने ताट भरल्यासारखं दिसावं म्हणून लांब माना गोल मांडल्या होत्या. शिवणताईही बघायला आल्या होत्या. त्यांनी एक मान उचलून उजेडात धरली, पुन्हा ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

"हे फूल छान आहे," बाईंनी मधल्या एका मशरूमला बोट लावलं. मग काठाकडे बोट नेलं. "आणि हे काय? नुसतीच मान वर, डोक्याच्या नावाने शिमगा."

काकांनी परदेशातल्या मागणीचा उल्लेख केला. बाईंनी ताट स्वयंपाकघरात नेलं आणि लसूण घालून सगळं परतलं. मानाही परतल्या. चव बरी होती. काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि त्यातच खोली गेली.

वर्ग सुरू व्हायच्या आधी काकांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. नमद्याच्या सगळ्या पट्ट्या खोलीच्या भिंतींना आणि दाराला ठोकून, म्हणजे चिकटवून, घेतल्या. दुलईचा पाइप उभा चिरून दाराच्या फटीत दाबला. पंखा काढून शिवणताईंना देऊन टाकला. त्यांनी तो आपल्या शिवणखोलीच्या खिडकीत लावला, आणि दिवेलागणीनंतर काय चालतं हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. पत्र्याचा पाइप मात्र तसाच राहिला. तो काढायचा तर ठोकाठोक करावी लागली असती, आणि ठोकाठोक काकांना सहन होत नाही.

पहिल्या दिवशी पोरं आली, चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि आत गेली. दार लागलं. काका गॅलरीत आपल्या खुर्चीत येऊन बसले. दाराआडून काहीच येत नव्हतं. ते जरा सैलावले, पाय लांब केले. आणि डोक्यावर, टाळूपासून हातभर अंतरावर, बेडूक आला. स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द सुटा. उत्तम ध्वनिक्षेपण होतं. खोलीतून बाहेर पडायला आवाजाला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती, आणि जी होती ती रुंद, गुळगुळीत आणि शक्य तितकी सरळ होती. काकांच्या नोकरीत त्यांना इतकं निर्दोष प्रसारण क्वचित ऐकायला मिळालं असेल.

निर्दोष म्हणजे जवळजवळ निर्दोष. काकांनी डोळे मिटले होते ते संतापाने, पण मिटल्या डोळ्यांनी कान आपलं काम करू लागला. दोन टाळ्या, उडी, मग तिसरी टाळी. तिसऱ्या टाळीला कुणीतरी मागे पडत होतं. पुन्हा दोन टाळ्या, उडी, आणि तीच ती लंगडी तिसरी टाळी. काकांनी खुर्चीचा दांडा धरला. तिसऱ्यांदा झालं, चौथ्यांदा झालं. बाईंना ते कळत नव्हतं की कळूनही चालत होतं, कोण जाणे. पाचव्यांदा काका उठले, खुर्चीवर चढले आणि पाइपच्या तोंडाला तोंड लावून म्हणाले,

"तिसऱ्या टाळीला कुणीतरी मागे राहतंय."

आत सगळं एकदम थांबलं. गाणं थांबलं, टाळ्या थांबल्या, पायसुद्धा थांबले. पाइपातून अशी शांतता आली की तशी काकांनी स्टुडिओतही ऐकली नव्हती. काका खुर्चीवर उभे राहून, कान पत्र्याला लावून, ती ऐकत राहिले.

मग आतून हसण्याचा एक लोट आला, आणि सगळी पोरं आपापलं तोंड पाइपला पुरावं म्हणून एकमेकांना ढकलत म्हणू लागली, "काका, परत बोला ना. काका, परत."